तळपटाला होकार

"ए बाई, भारा उतरव. पाहुण्यांना दिसू दे."

सुपरवायझर माझ्या आईला म्हणाला. सगळ्यांसमोर. आईने डोक्यावरच्या वाळक्या काटक्या खाली टाकल्या. पुढे खुर्च्यांत कंपनीचे परदेशी पाहुणे. बाजूला मी, कंपनीचा हिरवा टी-शर्ट घालून. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

डिचोलीकडचा हा डोंगर. आधी कंपनीने त्यातलं खनिज उकरून नेलं. माझे आजोबा सावंतवाडीकडून त्या खाणीवरच मजुरीला आले. खाण बंद पडली, आता कंपनी म्हणते, रान आमचं. देशाने जगाला शब्द दिलाय म्हणे, झाडं वाढवून हवेतला धूर कमी करू. परदेशातले कारखानदार त्या झाडांचे पैसे मोजतात, मग त्यांचा माल चांगला ठरतो आणि बाजारात खपतो. रोपं लावली आम्ही बायांनीच, रोजावर. पण पडलेली काटकी उचलली की आम्ही चोर. आमच्या चुलीचा धूर तेवढा ह्यांच्या डोळ्यांत जातो!

पाहुण्यांना गावची पद्धत दाखवायची म्हणून गाऱ्हाणं ठेवलं होतं. गावकरबाबा नारळ धरून देवाला सांगणार, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून हेच. वाक्य संपलं की तोंड आपसूक उघडतं. सुपरवायझर गावकरबाबांच्या कानाला लागला. बाबांनी एकदा आईकडे बघितलं, मान खाली घातली, आणि म्हणाले,

"बा देवा म्हाराजा, जो कोण ह्या रानातली काडी घरी न्हेयत, तेचां तळपट कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. मी म्हणाले. माझी आईसुद्धा म्हणाली! हात जोडून, स्वतःच्याच तळपटाला. मग तिला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. शी! आजही ते आठवलं की जेवण जात नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर उलट घातल्या असत्या मी. इथे शाप आम्हीच आमच्या तोंडाने पक्का केला, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनी पुढचं घेतलं. "ह्यां रान कंपनीचां, तेची राखण कर, म्हाराजा!"

"न्हय म्हाराजा!"

मी ओरडले. एकटीच. गाऱ्हाण्यात असं कोणी म्हणत नाही. बाबा पुढचे शब्दच विसरले. सुपरवायझर दातओठ खात आला.

"डोकं फिरलं काय तुझं? उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"माका येवचांच नाय."

मी भारा उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि पाहुण्यांच्या मधून चालत गेले.

आईला वाटतं, शाप लागणार. आता ती रानात जात नाही. मी जाते. दिवसाढवळ्या, त्यांच्या फाटकासमोरून. चौकीदार पोलिसांची भीती घालतो. बोलव म्हणावं. तळपट व्हायचं तर माझं होऊ दे. काडी मी आणणार.