तयार खोली पाहुण्यांची, मोडकी आमची

गेल्या तीन वर्षांत मी किती वेळा बिऱ्हाड हलवलं ते विचारू नका. आधी मोजत होते, मग एका दिवाळीत मोजणंच सोडून दिलं. आणि गंमत म्हणजे पत्ता एकच! गिरगावातली एकच वाडी, एकच दुमजली लाकडी घर. त्या घरातल्या घरातच आम्ही दोघं वळकट्या, स्टोव्ह, दोन ट्रंका आणि माझा आरसा घेऊन फिरत होतो.

कसं ते सांगते. आमचं लग्न झालं तेव्हा ह्यांचं घर लालबागला, चाळीतली एक खोली आणि माणसं नऊ. हे मिलमध्ये सुतारखात्यात, मी फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट. वाडीतलं ते घर एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंचं, सगळे त्यांना आंटी म्हणतात. त्यांची मुलं रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेलेली, खोल्या बंद, भिंतींचा गिलावा सुटलेला. हे आंटीकडे एक दार बसवायला गेले आणि येताना धंदा घेऊन आले. बंद खोल्या एकेक करून आम्ही दुरुस्त करायच्या, आणि सुटीत मुंबई बघायला येणाऱ्या बाहेरगावच्या मंडळींना आठ-आठ दिवसांसाठी द्यायच्या. अर्धं भाडं आंटीचं, अर्धं आमचं. चौपाटी पायी दहा मिनिटं, राणीच्या बागेला ट्राम, आणि बायकापोरांना घेऊन हॉटेलात उतरायचं म्हणजे लोकांना कसंसंच वाटतं. चालणारच की!

"आणि आपण राहायचं कुठं?" मी विचारलं.

"ज्या खोलीचं काम चाललंय तिच्यात," हे म्हणाले. "राखण पण होईल."

मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. नऊ माणसांतून दोन माणसांत! मोडकी तर मोडकी.

आता सांगते मोडकी म्हणजे काय. पहिलं काम ढेकूण. लाकडाच्या एकेका फटीत घासलेट ओतायचं, मग फटी बुजवायला लांबी भरायची, मग पॉलिशपेपर मारायचा. हे पहिल्या पाळीवरून साडेतीनला येऊन सुरू करायचे, मी सहाला येऊन पदर खोचायचे. भाताला चुन्याची चव. कचेरीत साहेब मला म्हणाले, "तुमच्या केसांत पांढरं काय आहे?" मी म्हटलं, "भिंत." आणि एवढं सगळं करून मोरी वाहती झाली, भिंतीला फिका हिरवा डिस्टेंपर लागला, खिडकीला पडदा आला, की दुसऱ्या दिवशी साताऱ्याची नाहीतर सोलापूरची मंडळी दारात! आम्ही वळकट्या उचलून पुढच्या मोडक्या खोलीत. खालची पुढची झाली, खालची मागची झाली. मधे एखादी रिकामी असली तर तिच्यात आठवडाभर ऐसपैस, पाहुणे आले की पुन्हा चुन्यात.

आंटी जिन्यात बसून बघायची. "काय गो बाय, आज खय चाललीस? सासरी की माहेरी?"

"मोरीकडून खिडकीकडे," मी म्हणायचे.

पहिल्या वर्षी मला हसू यायचं. दुसऱ्या वर्षी पाठ दुखायला लागली. एकदा कचेरीतून आले आणि सवयीने मागच्या खोलीचं दार ढकललं, तर आत परक्या बाई केस विंचरत बसलेल्या. त्यांनी "कोण पाहिजे?" असं विचारलं आणि मी माझ्याच घराचं दार बाहेरून ओढून घेतलं.

त्याच रात्री मी ह्यांना सांगितलं, वरची कोपऱ्यातली खोली झाली की तिथून मी हलणार नाही. तेव्हा सगळ्या गिरगावात एकच घोषणा, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. हे हसले. "म्हणजे तुझापण मोर्चा?"

"हो. राज्य मिळायचं तेव्हा मिळेल. मला खोली मिळालीच पाहिजे."

"दिली," हे म्हणाले. आणि खरंच मनापासून म्हणाले हं, मला माहीत आहे.

ती खोली आम्ही पाच महिने केली. घाई नाही, कारण स्वतःची! फरशी शहाबादीच, पण निवडून आणलेली. स्वयंपाकाला उभ्याचा ओटा, माझ्या उंचीचा. मी बुटकी, म्हणून ओटा बुटका. ह्यांनी मला भिंतीशी उभं करून कोपराखाली खडूने रेघ मारली. खिडकी दोन बाजूंना, एका बाजूला आंटीचं फणसाचं झाड. पहिल्या सकाळी मी ओट्याशी उभं राहून चहा केला आणि इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

आणि तिथंच घोटाळा केला.

नाशिकचे एक मास्तर आमच्याकडे आदल्या वर्षी उतरले होते. ते, त्यांच्या बाई आणि दोन मुली. निघायच्या दिवशी नेमका हरताळ. ट्रामा बंद, दुकानं बंद, नाक्यावर अश्रुधूर सुटला तो थेट वाडीत. आम्ही सगळे मागच्या खोलीत ओले पंचे तोंडाला धरून बसलो. दोन दिवस मंडळी अडकली. घरात होतं त्याचं पिठलंभात केलं, मुलींच्या वेण्या घातल्या, मास्तरांच्या बाई आणि मी इतक्या बोललो की जन्माची ओळख असल्यासारख्या! जाताना म्हणाल्या, "काही नवीन झालं की कळवा हं."

झालं होतं ना नवीन! मी आंतरदेशीय पत्र घेतलं आणि बसले. माझा हात पेनानेसुद्धा टायपिंगच्याच वेगाने धावतो. दोन खिडक्या लिहिल्या, फणस लिहिला, वारा लिहिला, ओटा लिहिला, समासात आडवंसुद्धा लिहिलं. एवढंच लिहायचं राहिलं, की ही खोली आता आम्हीच ठेवलीय.

मे महिन्यात, एका गुरुवारी, उत्तर आलं. "आपण मुद्दाम कळवल्यामुळे फार बरे वाटले. शनिवारी सकाळी येत आहोत. तीच कोपऱ्याची खोली आमच्यासाठी ठेवावी."

मी ते पत्र तीनदा वाचलं. खालच्या दोन्ही खोल्या भरलेल्या. ह्यांना दाखवलं. हे रागावले की मालवणीत जातात. "तू कित्याक लिवलंस गो ह्या सगळां?" मग जरा वेळाने मराठीत आले. "आठ दिवस तर. आपण मधल्या खोलीत जाऊ."

मधली खोली म्हणजे चौथी, अजून हातही न लावलेली. अर्धी कौलं फुटलेली, जमिनीवर कबुतरांचं सगळं.

"मी नाही जाणार," मी म्हटलं. ओरडले नाही. ओरडायला अंगात जोर लागतो.

"मग तार कर त्यांना."

शुक्रवारी जेवणाच्या सुटीत तारघरात गेले. फॉर्म घेतला. "खोली नाही" हे दोन शब्द लिहिले आणि मला त्या पंचे धरलेल्या मुली दिसायला लागल्या. फॉर्म पर्समध्ये घालून परत आले. ह्यांना सांगितलं, केली. होय, खोटं बोलले.

शनिवारी साडेनऊला वाडीत घोड्याची व्हिक्टोरिया वळली. वर ट्रंक, मुलींच्या हातात, माझ्याकडून वेण्या घालून घ्यायला, लाल रिबिनी, बाईंच्या मांडीवर माझ्यासाठी आणलेल्या चिवड्याचा डबा. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच बघितलं, पण सगळं कळलं त्यांना. तरी ते ट्रंक उतरवायला पुढे झाले. म्हणजे मी आता "या" म्हणायचं आणि वर जाऊन वळकट्या बांधायच्या, एवढंच बाकी होतं.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले. "कोपऱ्याची खोली द्यायची नाहीये हो. तिथं आम्ही राहतो."

बाईंना आधी थट्टाच वाटली. मग म्हणाल्या, "अहो, मग पत्रात एवढं वर्णन कशाला केलंत?"

"आनंद झाला होता म्हणून."

मास्तर म्हणाले, "दादरला माझा मावसभाऊ आहे, तिकडे जाऊ," आणि चष्मा पुसत राहिले. मी म्हटलं, चहा तरी घ्या. बाई म्हणाल्या, "नको, घोडा उभा आहे." डबा मात्र त्यांनी माझ्या हातात दिला. मला तो घ्यायचा नव्हता, तरी घेतला.

गाडी गेल्यावर हे म्हणाले, "सांगायचं तर तारेने सांगायचं. माणसं इथवर येऊ दिलीस." बरोबरच होतं त्यांचं. मी वर गेले, दार लावलं आणि दिवसाढवळ्या झोपले. संध्याकाळपर्यंत. खालचे पाहुणे पाण्यासाठी दोनदा हाका मारून गेले, मी ऐकल्या, पण उठले नाही.

नाशिकला मी नंतर दोन पत्रं टाकली. छोटी. उत्तर नाही. मधली खोलीही पुढे झाली. तिचा चुना आम्ही संध्याकाळी काढायचो आणि झोपायला कोपऱ्यात यायचो. आता तिच्यात पाहुणे असतात आणि आम्ही जिथल्या तिथं आहोत. हे तार प्रकरण कधी काढत नाहीत. फक्त कुणाला पत्र लिहायचं असलं की आता तेच लिहितात, दोन ओळींत, आणि पोस्टात टाकण्याआधी मला वाचायला देतात. सुटीच्या दिवसांत शनिवारी सकाळी वाडीत टापा वाजल्या की हातातलं काम टाकून मी खिडकीशी जाते आणि आधी बघून घेते, कोण उतरतंय.