चाचांच्या दारावरचं आभाळ

काळजी करायची नोकरी निघाली असती, तर माझ्या बायकोचे मामा पहिल्याच दिवशी साहेब झाले असते. खानदेशातून सुरतेला आलेले, उधन्याला लूमवर काम. मागावर धाग्याची तार तुटली की माग थांबवून गाठ मारायची. पण बाहेरच्या जगाला काही थांबवता येत नाही, ह्याचाच त्यांना घोर. घराला कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि ते ओढून पाहायला परत यायचे. सूर्यसुद्धा विझणार आहे असं कुणीतरी सांगितलं, तर आठवडाभर जेवण गोड लागेना. "जवाईबापू, माले भ्याव वाटस!" मी म्हटलं, "अहो, त्याला कोट्यवधी वर्षं आहेत." तर म्हणे, "पन एक दिन विझी ना?" आता बोला!

ब्याण्णवच्या दंगलीत त्यांच्या भ्यावाला कारण मिळालं. समोरच्या घरातले जरीवाले चाचा, मामांचे रोजचे चहाचे सोबती, बायकापोरांसह भरुचला निघून गेले. मागे घर जळालं. उरलं एक अर्धवट जळकं दार. मामांनी ते ओढत घरी आणलं. "चाचा आले तर त्यास्नी वस्तू त्यास्ले द्याले नको का?"

मग त्या दारावर त्यांनी चक्क ब्रह्मांड मांडलं. काळं रंगवायची गरजच नव्हती. गल्लीत फुटलेल्या सोडा-बाटल्यांच्या काचा म्हणजे तारे, खिळ्यांना गुंडाळलेली जरी म्हणजे ग्रह, मागावरचा आडवा धागा नेणारा मोडका धोटा म्हणजे शेंडेनक्षत्र. एका कोपऱ्यात बारकासा खिळा होता. "ही आपली पृथ्वी. एवढ्याशा खिळ्यावर उभं राहून बाटल्या फेकल्या लोकांनी," मामा म्हणाले.

श्रावणात दार उन्हाला ओट्यावर आडवं ठेवलं, आणि घात झाला. आमच्या खानदेशी घरांतून कानबाई देवी बसायचे दिवस. चकाकणारी जरी पाहून गल्लीतल्या बायकांना वाटलं, मामांनी यंदा देवीचा चौरंग सजवलाय. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. मामा हबकले. "चाचास्ले काय सांगू?" ओल्या फडक्यानं पुसायला गेले, तर कुंकू निम्म्या आभाळावर पसरलं.

दिवाळीनंतर चाचा खरंच आले, एकटे. मामांनी घाईघाईनं दारावर चादर टाकली, चहावर चहा पाजला. शेवटी चाचांनीच चादर ओढली. लाल आभाळावरून हात फिरवला, कडीला बोट लावलं आणि एकदम कडाडले, "मेरे दरवाजे पे नकली जरी?"

"असली देनेवालाच चला गया था ना!" मामा म्हणाले आणि रडायलाच लागले.

चाचाही हसता हसता डोळे पुसू लागले. मग मामांनी इतके महिने पोटात धरलेला प्रश्न विचारला, "अब वापस आओगे ना?"

चाचांनी समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. "दरवाजा तुमने संभाला, भाई. चौखट तो जल गई. यहीं रहने दो."

ते पुन्हा आले नाहीत. दार मामांच्या भिंतीला टेकून राहिलं. कधी गेलो की मामा जरी घट्ट करत बसलेले असायचे. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटायची. घराचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणाऱ्या ह्या माणसानं त्या दाराची कडी मात्र शेवटपर्यंत कधी लावली नाही.