गाडी डाव्या हाताले ओढते

बाबांचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये मुलांची हजेरी घेत होते. बाबा सहसा दिवसा फोन करत नाहीत.

"माय, गाडी डाव्या हाताले ओढून राहिली," ते म्हणाले. "स्टेरिंगमंदी लय प्ले झाला. तू येशीन का घरी?"

मी अमरावतीला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. आमचं घर परतवाड्याला. बाबांची स्वतःची पिकअप होती. संत्र्याच्या दिवसांत ते अकोल्याला संत्रा न्यायचे आणि येताना सरकीची ढेप भरून आणायचे. बाकी वर्षभर मिळेल तो माल. पान्याचे नंबर मला अक्षरांच्या आधी कळायला लागले ते त्यांच्यामुळे. मुलीनं गाडीखाली शिरू नये असं घरात म्हणणारे पुष्कळ होते, बाबा त्यांतले नव्हते. मी आयटीआयत लागले तेव्हा त्यांनी स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं होतं की आता आपली गाडी सरकारी मास्तरीण पाहते.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी पोचले. गाडी अंगणात लिंबाखाली उभी होती. तिची डावी बाजू पाहून मला धक्का बसला. आरसा तुटलेला, बंपरचं टोक आत गेलेलं, हौद्याच्या फाळक्यावर मागपर्यंत ओरखडे. उजवीकडून गाडी जशीच्या तशी होती. महिनाभरात बाबांनी बाजारात एक हातगाडी घासली होती आणि अंजनगावजवळ पुलाच्या कठड्याला गाडी लावली होती. त्यांना लागलं नव्हतं आणि दुसऱ्याही कोणाला नाही.

"मी सरळच धरतो," ते म्हणाले, "थे आपोआप जाते."

आई ओट्यावर गहू निवडत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "गाडीचं होईन बाई. आधी यायच्या डोयाचं पाय."

"माह्या डोयाले काय झालं?" बाबा चिडले. "त्या तिकडच्या दुकानाची पाटी वाचून दाखवू?" आणि त्यांनी रस्त्यापलीकडच्या कृषी केंद्राची पाटी खालच्या बारीक अक्षरांसकट वाचून दाखवली. मला तर ती अक्षरं नीट दिसतही नव्हती. मी हसले. आई परत गहू निवडू लागली.

मी जॅक लावून पुढचं डावं चाक उचललं, दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. चाक खडखडलं. आत वाकून पाहिलं तर टायरॉडच्या टोकाचं रबर फाटलेलं, ग्रीस वाळून मातीसारखं झालेलं. स्टेअरिंग फिरवलं की हाच दांडा चाकाला वळवतो आणि त्याच्या टोकाला एक गोळी असते, खांद्यातल्या हाडासारखी. ती झिजली की हात वळतो पण चाक उशिरा वळतं. उजवीकडचीही तीच गत होती, आणि खालचा बॉल जॉइंटही गेलेला होता.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. फॉल्ट सापडला होता. "बाबा, तुमचं बरोबर आहे," मी ओरडून सांगितलं, "गाडीतच आहे." ते आईकडे पाहून "ऐकलं?" एवढंच म्हणाले.

पार्ट परतवाड्यातही मिळाले असते, पण बाबांचा भरवसा अकोल्याच्या एका दुकानावर. शनिवारी आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो. गाडी तशी न्यायला मीच नको म्हटलं. दुकानदारानं बाबांना स्टूल दिला, चहा मागवला. बाबांनी प्रत्येक पार्ट हातात घेऊन गोळी फिरवून पाहिली, एक परत केला, दुसरा मागितला. दुकानातून निघून रस्ता ओलांडताना डावीकडून एक स्कूटी आली आणि अगदी त्यांच्या पायाशी कर्कश ब्रेक मारून थांबली. चालवणारी मुलगी घाबरून रडकुंडीला आली होती. "आजकालची पोरं कशी चालवून राहिली पाय," बाबा म्हणाले. मी मान हलवली. माझ्या हातात पार्टची पिशवी होती आणि मनात उद्याचं काम.

रविवारी सकाळी आम्ही दोघंही जुने कपडे घालून बसलो. चाकांखाली विटा लावल्या, पुढची बाजू उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाकं काढली. मी खाली आडवी झाले, बाबा बाजूला गोणपाटावर बसले. खूप वर्षांनी आम्ही असं एकत्र काम करत होतो. आधी ते खाली असायचे आणि मी पाने द्यायचे.

पहिल्या नटाची पिन गंजून तुटली. नट निघाला, पण टोक जागचं हलेना. ते तसंच असतं, घट्ट रुतून बसतं, त्याच्या भोवतीच्या लोखंडाला बाजूनं ठोकावं लागतं. माझ्यानं नीट घाव बसेना. बाबा म्हणाले, "सरक." त्यांनी हातोडा घेतला, नेमक्या जागी घाव घातले, आणि तिसऱ्या घावाला टोक टणकन सुटलं. ते खुश झाले. मीही झाले. दांड्यावरचं जुनं टोक किती फेऱ्यांत निघतं ते मोजायचं आणि नवं तितक्याच फेऱ्या आत घालायचं, म्हणजे चाकाची दिशा बिघडत नाही. आम्ही दोघांनी मोठ्यानं मोजलं. सतरा. आई ओट्यावरून म्हणाली, "शाळा भरली काय?"

बॉल जॉइंटच्या वेळी मी खालून हात पुढे केला. "बाबा, एकोणीसचा पाना."

"देतो."

पाना आला नाही. मी मान वळवून पाहिलं. पाना त्यांच्या डाव्या गुडघ्याजवळ गोणपाटावर उघडा पडला होता, ऊन पडून चमकत होता. बाबा उजवीकडच्या पेटीत चाचपत होते. मग समोर पाहिलं, मग पुन्हा पेटीत.

"इथी नाई वो," ते म्हणाले. "तूनं कुठी ठेवला?"

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. काही क्षणच. मग हात लांबवून पाना स्वतःच उचलला आणि म्हटलं, "माझ्याजवळच आहे."

का तसं म्हटलं ते अजून मला नीट सांगता येत नाही. मी नट आवळत राहिले. जितकं घट्ट आवळता येईल तितकं. पुढचे दोन तास मी एकही गोष्ट त्यांच्याकडे मागितली नाही.

चारच्या सुमारास चाकं चढवली. आधी मी गाडी चालवून आणली. स्टेअरिंग हलकं झालं होतं, हात सोडला तरी गाडी दोरीसारखी सरळ जात होती. माझ्या हातून इतकं चांगलं काम फार वेळा झालेलं नाही. परत आले तर बाबा फाटकात उभे होते, शर्ट बदलून.

"आता मी पायतो," ते म्हणाले.

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी शेजारी, डाव्या सीटवर बसले. धारणीच्या रस्त्याला लागलो. बाबा स्टेअरिंगवर बोटं वाजवत होते. "लोण्यावानी झालं," ते म्हणाले. समोरून एक ट्रक आला. बाबांनी त्याला जागा दिली, गाडी थोडी डावीकडे घेतली. ट्रक गेला. गाडी डावीकडेच राहिली, मग आणखी डावीकडे गेली. रस्त्याच्या कडेनं एक म्हातारा माणूस सायकल हातात धरून पायी चालला होता, कॅरिअरवर चाऱ्याचा भारा. मला वाटलं ते आता वळवतील. आता वळवतील. मग मी ओरडले आणि स्टेअरिंग धरून उजवीकडे ओढलं.

गाडी तत्क्षणी वळली. जुन्या पार्टनी वळली नसती.

माझ्या खिडकीतून तो माणूस हातभर अंतरावर दिसला. त्यानं सायकल सोडून दिली आणि चर ओलांडून शेतात उडी घेतली. बाबांनी ब्रेक मारला.

"काहून ओढलं?" ते माझ्यावर ओरडले. "मारतं काय दोघाइले?"

"बाबा, तो माणूस."

"कोनता मानूस?"

मी बोट दाखवलं. बाबांनी पूर्ण मान वळवली, तेव्हा त्यांना तो दिसला. ते त्याच्याकडे बघत राहिले. म्हातारा शिव्या देत होता, मोठ्यानं, आमच्या सात पिढ्यांना. बाबांनी इंजिन बंद केलं. बराच वेळ त्यांचे हात स्टेअरिंगवर होते. मग दार उघडून ते उतरले, गाडीच्या पुढून फेरी मारून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक तिकडे. तूच घे."

मी उतरून आधी त्या माणसाची सायकल उचलून दिली, भारा बांधून दिला, पाया पडले. त्यानं मला शिव्या दिल्या नाहीत. घरी पोचेपर्यंत गाडी सरळ चालत होती.

त्याच आठवड्यात मी त्यांना अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक तपासणी अंधाऱ्या खोलीत असते. यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघायचं, आजूबाजूला बारीक उजेडाचे ठिपके येतात, ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेर बाकावर बसून बटणाचा आवाज ऐकत होते. टिक, टिक, मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं यंत्र बंद पडलं. मग पुन्हा टिक.

कागद बाहेर आला. दोन्ही डोळ्यांच्या वर्तुळांच्या कडा काळ्या होत्या, डावी बाजू तर बहुतेक सगळी. समोरचं मधलं शाबूत होतं, म्हणून पाट्या वाचता येत होत्या. काचबिंदू. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांतपणे सांगत होत्या की डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकत जाते. जे गेलं ते परत येत नाही. थेंब टाकून आहे ते जपायचं. गाडी आजपासून बंद.

"दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची का?" त्यांनी विचारलं.

"हाव," बाबा म्हणाले. "दीड वर्सापासून. समोरच्या गाडीच्या लाइटले कडं दिसे. हिले सांगतलं होतं."

मला सांगितलं होतं. फोनवर, दोनदा तरी. मी तेव्हा म्हटलं होतं की पुढची काच जुनी झाली, तिच्यावर बारीक ओरखडे असतील, त्यानं उजेड फुटतो. सुट्टीत येऊन मी काच पॉलिश करून दिली होती. वायपरची रबरं बदलली होती. हेडलाइटचे बल्बही नवे टाकले होते. ड्रायव्हरनं काहीही सांगितलं तरी आधी गाडी तपासायची, हे मी मुलांना शिकवते. मी गाडीच तपासली.

"दीड वर्षांपूर्वी आला असता तर—" डॉक्टर बोलता बोलता थांबल्या.

बाबांना ते समजलं असावं. ते लगेच म्हणाले, "तिनं काच साफ करून देल्ली न पन. पोरीनं लय केलं." ते मला वाचवत होते. मला तिथेच मान खाली घालून बसावं लागलं.

पिकअप धामणगाव रेल्वे या गावच्या एका माणसानं घेतली. तो गाडी चालवून परत आला आणि खुशीत म्हणाला, "काका, स्टेरिंग तं नवंच आहे." बाबा म्हणाले, "नवंच आहे. गुदस्ता नाई, आताच केलं." किल्ली देऊन ते घरात निघून गेले. गाडी निघताना पाहायला फक्त आई आणि मी होतो. आई रडली नाही. तिनं गाडी उभी असायची ती जागा झाडली, तेलाच्या डागांवर राख टाकली.

थेंब सुरू आहेत. आई वेळेवर टाकते. तरी दर तपासणीला काळं थोडं मधे सरकलेलं असतं. स्टँडवर बाबा आता जात नाहीत. तिथे सगळ्यांना वाटतं त्यांना छान दिसतं, कारण पाटी वाचतात, पेपर वाचतात, लांबून माणूस ओळखतात. जाणारे-येणारे म्हणतात, काका उगीच घाबरले, गाडी विकायला नको होती. बाबा कोणाला समजावत बसत नाहीत.

मागच्या तपासणीनंतर आम्ही अमरावतीच्या एसटी स्टँडवर उभे होतो. डॉक्टरांनी या वेळी ऑपरेशनबद्दल सांगितलं होतं, त्यानं दाब कमी होईल, नजर येणार नाही. बाबांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. गाडी फलाटाला लागत असतानाच त्यांनी पाटी वाचली, "परतवाडा," आणि माझी वाट न पाहता पुढे निघाले. डावीकडे एक बाई जमिनीवर पिशव्या मांडून बसली होती. बाबा सरळ त्यांच्यात गेले. टमाटे फलाटभर घरंगळले, एक त्यांच्या चपलेखाली फुटला.

"दिसत नाई काय वो?" बाई ओरडली.

मी धावले, माफी मागायला तोंड उघडलं. पण बाबाच बोलले. इतक्या महिन्यांत घरात, डॉक्टरांसमोर, कुठेच ते हे बोलले नव्हते.

"नाई माय," ते म्हणाले. "नाई दिसत."

मग आम्ही तिघांनी टमाटे वेचले. बाबा उजव्या बाजूचे वेचत होते. तोवर गाडी भरली, आणि वाटेतल्या आसेगावपर्यंत आम्हाला उभ्यानंच जावं लागलं.