रिकाम्या सीटचा पट्टा

आज नोएडात मुलगी पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन निघाली. तिच्या शेजारून उतरताना मी माझ्या रिकाम्या सीटचा पट्टा नकळत लावला आणि तीस वर्षांपूर्वीची दिल्लीतली धावपट्टी, तो पेट्रोलचा वास, सगळं अलगद परत आलं.

तेव्हा मी विमान चालवायला शिकत होते आणि प्रशिक्षकांच्या सहीशिवाय एकटीनं उडता येत नसे. सरांनी लॉगबुकात सही केली, खाली उतरले, सुटा पट्टा कशात अडकू नये म्हणून आपल्या सीटवर घट्ट आवळला आणि म्हणाले, "जाओ बेटा, बिल्कुल अकेली."

वर विमान पिसासारखं हलकं झालं. यमुना दुधाळ दिसत होती. सर गवतातला ठिपका झाले होते.

मी उतरले तेव्हा सरांचा शर्ट घामानं भिजला होता. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

मुलीची गाडी वळणाआड गेली. माझे तळहात ओले झाले होते. तेव्हा आठवलं, तो जानेवारी होता.