करवतीच्या धारेवर चतुर्थी

"यात मक्याचं काहीतरी आहे," असं म्हणून काकांनी पाकीट माझ्या हातात परत दिलं.

आम्ही एका खडकाच्या सुळक्याला दोराने बांधलेले होतो. डावीकडे आठशे फूट खाली बर्फाचा एक मळका डाग दिसत होता, उजवीकडे त्याहूनही खोल घसारा, म्हणजे सुटे दगड. काकांचे हात थरथरत होते. गार वाऱ्यात त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. आणि अशा अवस्थेत हा माणूस चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून साखरेच्या जेलच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत होता.

मी कोलोरॅडोमध्ये माउंटन गाइड आहे. हे सांगितलं की आपले लोक विचारतात, "ते झालं रे, पण जॉब काय करतोस?" हाच जॉब. पिस्कॅटवेला एमएस केलं, अर्विंगला नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, मग ते सोडून गाइडच्या परीक्षा दिल्या. लोकांना दोराला बांधून डोंगरावर नेतो आणि जिवंत परत आणतो. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, पण क्लायंटला तो गृहीतच वाटतो.

पाटणकरकाका अमेरिकेतल्याच शॉमबर्गचे. रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअर, वय चौसष्ट. तरुणपणी सह्याद्रीत भरपूर भटकलेले. स्कॉटलंडमध्ये समुद्राकाठी डोंगराची एक लांबच लांब धार आहे, दोन्ही बाजूंना तुटलेली, चालायला अख्खा दिवस लागतो आणि कधीकधी दुसराही. ती करायची हे काकांचं पंचवीस वर्षांचं स्वप्न होतं. सप्टेंबरचं बुकिंग जवळजवळ झालं होतं. तिथल्या गाइडची अट एवढीच होती, की अशाच एखाद्या धारेवर कोणी गाइडने तुम्हाला पाहिलेलं असावं आणि त्याने तसं पत्र द्यावं. म्हणून काका मुलीला, ईशाला, घेऊन माझ्याकडे आले होते. ईशा तिशीतली, इथेच जन्मलेली, जिममधल्या भिंतींवर चढण्यात तरबेज.

आमच्या भागात एक धार आहे. नकाशात तिला नाव नाही. आम्ही गाइड लोक तिला 'द सॉ' म्हणतो, म्हणजे करवत. पाऊण मैल लांब, दात्यादात्यांची, काही ठिकाणी स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी रुंद. चढाई तशी सोपी आहे. कठीण असतं ते दृष्टिभय, पायाखाली रिकामं दिसलं की पोटात येणारा गोळा. अशा जागी गाइड शॉर्ट-रोप करतो. क्लायंटना चारपाच फुटांच्या अंतरावर दोराला बांधायचं, दोर हातात ताणून धरायचा आणि खडकाच्या प्रत्येक सुळक्याभोवती तो अडकवत पुढे सरकायचं. कोणी घसरलं तर पहिल्या फुटातच थांबवावं लागतं. दुसऱ्या फुटात सगळेच जातात.

निघण्याआधी गाडीपाशी मी प्रत्येक क्लायंटला तीन प्रश्न विचारतो. झोप झाली का? सकाळी काय खाल्लं? औषधं कुठली घेतली? कंपनीचा नियमच आहे. सत्तर वर्षांच्या एका सर्जनला मी हे प्रश्न विचारलेत. त्याने शाळकरी मुलासारखी उत्तरं दिली होती.

काकांना विचारले नाहीत.

का, ते सांगतो. पहाटे पार्किंगमध्ये भेटलो तेव्हा काका म्हणाले, "नितीन ना? कुठला रे तू मूळचा?" मी सातारा म्हटलं. त्यांची आत्या साताऱ्याची निघाली. पाच मिनिटांत मी क्लायंटचा गाइड उरलो नाही, पुतण्या झालो. पुतण्याने काकांना उभं करून 'काय खाल्लंत, औषध घेतलंत का' विचारायचं म्हणजे अगोचरपणा. त्यात त्यांनी सॅकमधून स्टीलचा डबा काढला.

"घे. साबुदाण्याची खिचडी आहे. किती वर्षांत खाल्ली नसशील घरची."

"तुम्ही?"

"मी खाईन नंतर. तू खा रे."

मी खाल्ली. दाण्याचं कूट, जिरं, मिरची, वर लिंबू. थंडीत बोटं वाकडी झाली होती, तरी चमचा थांबला नाही. सगळी संपवली, डबा बर्फाच्या पाण्याने धुऊन परत दिला आणि वर "काकूंच्या हाताला चव आहे" असंही म्हणालो. काका खूष झाले. पहाटे पाच वाजता कोणी मराठी माणूस साबुदाण्याची खिचडी घेऊन का येतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. कुठल्याही अमेरिकन गाइडला तो आला नसता तर मी समजू शकलो असतो. मला यायला हवा होता.

पहिले पाच तास काका छान चालले. पाय कुठे ठेवायचा हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. पत्र द्यायला हरकत नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं. साडेदहाच्या सुमाराला ते गप्प झाले. मग एका सोप्या पायरीवर अडखळले. मी दोर ताणला तर वैतागून म्हणाले, "ओढू नकोस सारखा. मला शिकवू नकोस." पुढच्या खाचेत, दोन दात्यांच्या मधल्या खोलगट जागेत, मी थांबलो आणि दोघांना खडकाला बांधलं. काकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका, सकाळी काय खाल्लंत?"

"आज संकष्टी आहे."

"म्हणजे काहीच नाही?"

"पाणी. चंद्रोदय दहानंतर आहे."

"सकाळी दहा वाजून गेले की."

"रात्री दहा."

ईशा मधेच म्हणाली, "बाबा, डिड यू टेक युअर शुगर पिल?"

शुगर पिल. मी तिच्याकडे बघितलं, मग काकांकडे. आमच्या बुकिंगच्या फॉर्मवर डायबेटिस आहे का असा स्वच्छ प्रश्न आहे. काकांनी त्यावर 'नो'ला टिक केली होती. इंजिनिअरची सरळ, रेघ मारल्यासारखी टिक.

"घेतली की पहाटेच. बॉर्डरवर आहे रे," काका म्हणाले. "कंट्रोलमध्ये आहे. त्या स्कॉटलंडवाल्यांना कळलं तर उगाच फाटे फोडतील."

बॉर्डरवर असलेल्या माणसाला रोज गोळी घ्यावी लागत नाही. ही गोळी साखर खाली आणते. पोटात अन्न असेल तर ठीक. रिकाम्या पोटी घेऊन पाच तास डोंगर चढलात तर साखर इतकी खाली जाते की हात थरथरतात, घाम येतो, डोकं चालेनासं होतं आणि शेवटी माणूस पडतो. ते कुठे पडायचं, हे आधी ठरवता येत नाही. आणि त्यांच्यापुरती जी उपासाची एकमेव खाण्याची वस्तू सॅकमध्ये होती, ती मी पहाटे चाटूनपुसून खाल्ली होती.

ईशाकडे सँडविच होतं. ते चालणार नव्हतं. माझ्या एनर्जी बारमध्ये ओट्स, तेही नाही. जेल ही शुद्ध साखरच असं मी सांगितलं, म्हणून काकांनी पाकीट तपासायला मागितलं. आणि त्यात मक्याचं काहीतरी निघालं.

"काका, तुमची साखर पडलीये."

"मका धान्यात येतो. दहा मिनिटं बसतो, होईल ठीक."

"बाबा, जस्ट ईट इट." ईशाचा आवाज फाटला होता.

"तुला यातलं काही कळत नाही."

हा हट्ट साखर पडल्यामुळे होता की मूळ स्वभावातला, मला आजही सांगता येत नाही. मला तेव्हा एवढंच कळत होतं, की हा माणूस अजून दहा मिनिटांत शुद्ध हरपून माझ्या दोराला लोंबकळणार आणि त्याची मुलगी ते बघणार. वर्षानुवर्षांचा उपास मोडायचा नाही हे मी समजू शकतो. माझी आई मोडत नाही. पण गणपतीने चतुर्थी करायला सांगितलीये, फॉर्मवर खोटी टिक करायला नाही. एवढी निष्ठा होती तर ट्रिप तृतीयेला ठेवायची होती. पंचांग यांच्या फोनवरच होतं.

मी पाकीट दातांनी फाडलं. "तोंड उघडा."

"नितीन..."

"तोंड उघडा म्हणतोय ना!" मी ओरडलो. समोरच्या कड्यावरून आवाज परत आला. "खिचडी मी खाल्ली, उपास मोडल्याचं पाप माझ्या नावावर लिहा. पण हे आत्ता गिळा."

त्यांनी तोंड उघडलं. ईशाने खांदा धरला, मी जेल पिळलं. एक पाकीट, मग दुसरं. वीस मिनिटांनी घाम थांबला आणि चेहऱ्यावर रंग आला. मग मी सांगितलं की इथूनच उतरायचं.

"आता मी बरा आहे," काका म्हणाले. "धार संपायला किती राहिलं?"

"तासभर."

"मग चल की."

"नाही."

साखर एकदा वर आली म्हणजे वरच राहील असं नसतं. गोळीचा असर बराच वेळ राहतो. शिवाय दुपारी या डोंगरांवर विजा पडतात, आम्ही बारापर्यंत धार सोडतोच. मी ईशाला आधी दोराने खाली सोडलं, म्हणजे खाली काकांना धरायला कोणीतरी असेल. मग काकांना सोडलं. शेवटी मी रॅपल करून, दोरावरून घसरत, उतरलो. असं तीनदा. मग घसाऱ्यातून दोन तास. प्रत्येक अर्ध्या तासाला मी जेल पुढे करत होतो आणि काका माझ्याकडे न बघता ते घेत होते.

गाडीपाशी पोचल्यावर ते म्हणाले, "पत्राचं काय?"

"पत्र देता येणार नाही, काका."

"पाय चुकला का माझा एकदा तरी?"

"पाय नाही चुकला. टिक चुकली."

ते गाडीत बसले आणि दार लावून घेतलं.

तीन दिवसांनी माझ्या बॉसने, मेगनने, ऑफिसात बोलावलं. तिच्यासमोर काकांची दोन पानांची तक्रार होती. मुद्द्यांना नंबर घातलेले. गाइड वयाचा मान न ठेवता ओरडला. हवा स्वच्छ असताना परत फिरवलं. धार्मिक आचाराचा अनादर केला. पत्र नाकारलं. गोळीबद्दल आणि फॉर्मवरच्या खोट्या टिकेबद्दल अक्षर नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू ओरडलास?" मेगनने विचारलं.

"हो. त्याने फॉर्मवर खोटं लिहिलं होतं."

"त्याबद्दल मी त्याला लिहिणार आहे. तुझा रिपोर्ट वाचला मी. तू त्याचं लंच खाल्लंस?"

"त्याने दिलं."

"आणि सकाळचे तीन प्रश्न?"

"विचारले नाहीत."

"का नाही विचारलेस?"

"तो माझ्या वडिलांच्या वयाचा आहे. आमच्यात असं विचारत नाहीत."

"तो सर्जन तर त्याच्याहून मोठा होता."

"तो आमच्यातला नव्हता."

मेगनने चष्मा काढला. "म्हणजे जो तुमच्यातला, त्याला तू कमी जपणार?"

मला तिचाही राग आला. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बरोबर बोलली ती. मग बायकोचाही आला.

तक्रार माझ्या फाइलला लागली, अजून आहे. फॉर्मवर मेगनने एक नवा प्रश्न घातला: ट्रिपच्या दिवशी तुमचा कुठल्याही कारणाने उपास असणार आहे का? पहिल्याच आठवड्यात डेन्व्हरच्या एका धष्टपुष्ट तरुणाने 'येस' लिहिलं. वजन उतरवायला तो दुपारपर्यंत काही खात नव्हता. त्याला मी गाडीपाशी उभा राहून दोन अंडी खायला लावली.

काकांकडून काही आलं नाही. मीही फोन केला नाही. मी जीव वाचवायचा आणि मीच फोन करायचा?

ऑगस्टच्या शेवटी एक अनोळखी ईमेल आली. स्कॉटलंडच्या त्या गाइडची. लिहिलं होतं, की मिस्टर पाटणकर यांनी नवीन फॉर्म पाठवला आहे, त्यात डायबेटिस, गोळीचं नाव, वेळ सगळं आहे, डॉक्टरांचं पत्रही जोडलं आहे. गाइडच्या पत्राच्या जागी मात्र पत्र नाही, फक्त तुमचं नाव आणि एक ओळ आहे: 'याला विचारा. हा माझ्याबद्दल चांगलं बोलणार नाही, पण खरं बोलेल.'

मी ती ओळ दोनदा वाचली. तक्रार मागे न घेता साक्षीला मलाच बोलवायचं, हेही त्यांनाच जमावं.

उत्तर लिहायला बसलो तेव्हा राग होताच. तरी खरं ते लिहिलं. पाय उत्तम आहेत, उंचीला घाबरत नाहीत, धार करू शकतील. दिवस ठरवण्याआधी चतुर्थी कधी आहे ते त्यांनाच विचारा. वयाचा विचार न करता रोज सकाळी विचारा की काय खाल्लं, आणि समोर खायला लावा.

पाठवण्याआधी खाली आणखी एक ओळ घातली: डबा पुढे करतील, फार आग्रह करतील. घेऊ नका.