बेअरिंग जाम झालेला ग्रह

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या सूर्यमालेच्या पार पलीकडचा, जीवसृष्टीला कदाचित मानवेल असा एक ग्रह रहाटणीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अवतरला होता. त्यावर जीव तगला असता की नाही, यावर शास्त्रज्ञांनी खुशाल वाद घालावा. आमच्या चेअरमनसाहेबांची अब्रू तिथे तगली नाही, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो. मी हजर होतो. किंबहुना सगळी व्यवस्था माझीच होती.

मी चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला आहे. लोखंडावर पोट आणि आकाशावर जीव, असा माझा संसार. आदल्या वर्षीच्या गणपतीत मी मंगळाचा देखावा केला होता. महिनाभर शिफ्ट संपली की कंपनीच्या बसमधून उतरून थेट पार्किंग. बायकोनं तांबडे डोंगर रंगवले, आणि माझा मंगळ छोट्या मोटरवर स्वतःभोवती असा झोकात फिरायचा की लोक आरती सोडून त्याच्याकडे बघत. स्पर्धेत पहिला नंबर आला. तेव्हा चेअरमननी माईक घेतला आणि संकल्पना, मांडणी, मेहनत सगळी स्वतःच्या नावावर करून टाकली. शेवटी उदार होऊन माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि हे आमचे लायटिंगवाले."

बक्षिसाची ढाल त्यांच्या शोकेसमध्ये गेली. मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. बायको म्हणाली, सोडून द्या. मी सोडून दिलं नाही. मला ती ढाल नको होती. जे चार लोकांसमोर गेलं, ते चार लोकांसमोरच परत हवं होतं. वर्षभर मी त्या रागाला रोज पाणी घातलं, आणि तो छान फोफावला.

आता चेअरमनविषयी थोडं. ते चाकणच्याच दुसऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे मॅनेजर. जगातली कुठलीही वस्तू थांबलेली दिसली की त्यांचं निदान एकच: बेअरिंग जाम. सोसायटीची लिफ्ट, पाण्याचा पंप, एकदा तर वॉचमनचा गुडघासुद्धा. आणि निदान झालं की हात लावल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

दूरच्या ताऱ्यांविषयी वाचत असताना मला माझं हत्यार सापडलं. लहान, मंद, तांबडे तारे असतात. त्यांची ऊब इतकी कमी की पाणी पाण्याच्या रूपात राहायचं तर ग्रहाला अगदी शेकोटीला बसल्यासारखं जवळ सरकावं लागतं. आणि इतक्या जवळचा ग्रह बहुधा ताऱ्याकडे कायम एकच तोंड करून राहतो. एका बाजूला न मावळणारा दिवस, दुसऱ्या बाजूला न संपणारी रात्र. न उलटलेल्या भाकरीसारखा. मधल्या कडेवर तेवढी कायमची संध्याकाळ. तिथे कोणी राहत असेल तर राहत असेल.

मी हे वाचलं आणि एकटाच हसत सुटलो. थांबलेला ग्रह!

त्या वर्षीचा देखावा ठरला. मधोमध तांबडा तारा, त्यातून निघालेल्या लोखंडी दांडीवर घट्ट बसवलेला ग्रह. दांडी ताऱ्याभोवती फिरे, ग्रह जन्मभर त्याच्याकडेच बघे. बायकोनं त्याची एक बाजू भाजलेली रंगवली, दुसरी बर्फाची, आणि मध्ये हिरवी पट्टी. बाहेरून लघुग्रहांचा पट्टा: कंपनीच्या भंगारातले ओतीव लोखंडाचे तुकडे, रीतसर गेटपास काढून आणलेले, नायलॉनच्या दोऱ्यांनी टांगलेले.

चेअरमन रोज संध्याकाळी खाली येत, वॉचमनची खुर्ची ओढून मोबाइलवर क्रिकेट बघत आणि चहा आला की चहा घेत. घरी मात्र देखावा बनवतोय असं सांगत. त्या निमित्तानं दळण आणि भाजी दोन्ही चुकत. हे मला बायकोकडून कळलं, तिला त्यांच्या बायकोकडून.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी मी सज्जनपणे विचारलं, साहेब, सगळी माहिती समजावून देऊ का?

"मला शिकवता का राव? आयुष्य गेलं माझं फिरत्या मशिनींत."

इतकं गोड उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. माहितीच्या फलकावर, हा ग्रह ताऱ्याकडे कायम एकच तोंड करून असतो, अशी एक ओळ होती; ती मी त्याच संध्याकाळी पुसली.

परीक्षक म्हणून विज्ञानाच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. चेअरमननी मागच्या वर्षीचंच भाषण केलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, ग्रहाच्या दोन फेऱ्या नीट पाहिल्या आणि विचारलं, हा ग्रह स्वतःभोवती फिरताना का दिसत नाही?

चेअरमननी वाकून पाहिलं.

"बेअरिंग जाम झालंय मॅडम. दोन मिनिटं द्या." मग माझ्याकडे वळून, "लायटिंगवाले, तेल आणा."

मी इतक्या नम्रपणे कधीच तेल आणलं नव्हतं. परत आलो तोवर साहेबांनी ग्रह दोन्ही हातांत धरून पिळायला घेतला होता. दांडीचा वेल्ड तुटला. राहण्याजोगा ग्रह त्यांच्या हातात आला, कोपर पट्ट्याला लागलं, आणि सगळे लघुग्रह खणखणत फरशीवर आले. हे शेवटचं माझ्या योजनेत नव्हतं. ती विश्वाकडून भेट.

बाईंनी चष्मा काढला.

"तो तसा दिसत नव्हता, तेच बरोबर होतं. इतक्या जवळचा ग्रह ताऱ्याला एकच बाजू दाखवतो असं मानतात. ज्यानं हे बनवलं त्याला ते माहीत असणार. कोणी बनवलंय?"

सगळी सोसायटी माझ्या हातातल्या तेलाच्या कॅनकडे बघू लागली. मला बोलायची गरजच पडली नाही, कारण पहिल्या रांगेत आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या चेअरमनच्या बायकोच्या तोंडून निघून गेलं:

"अहो, मग तुम्ही महिनाभर खाली पार्किंगमध्ये करत काय होतात?"