मुद्देमालासह फोटो

ती केस विसरायची मला सोय नाही. चोरीचे पैसे मी हस्तगत केले आणि त्याच दुपारी मीच ते घालवले.

फिर्यादी गेवराई तालुक्यातला ट्रॅक्टर मिस्त्री. गॅरेजची जागा विकत घ्यायची होती, तिच्या इसाराचे पैसे त्याने क्रिप्टोत ठेवलेले. ते मोबाईलमधल्या वॉलेटमध्ये असतात आणि वॉलेटची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे. ‘वॉलेट बंद पडेल, अपडेट करा’ असा मेसेज आला. मिस्त्रीने लिंकवरचं बनावट ॲप उतरवलं, त्यात शब्द भरले. वॉलेट साफ. इकडे जागामालकाने महिनाअखेरची मुदत दिलेली.

खबऱ्याने युसूफ वडगाव या गावाकडचा एक तरुण सांगितला: कामधंदा नाही, फोन मात्र सारखे बदलतो. त्याला ठाण्यात आणला. फोन माझा नाही, सापडलाय, हे एकच पालुपद. माणूस तोंडाने खोटं बोलतो, डोळ्यांना ते जमत नाही. याची नजर टेबलावरच्या फोनवरून हलेना. मी कुलूप उघडायला अंदाजाने आकडे दाबत बसलो. डाव वगैरे नव्हता, मला खरंच वाटलं जमेल.

शेवटी तो कळवळला, “साहेब, आता चुकलं तर सगळं पुसलं जाईल.”

“फोन तुझा न्हाई ना बे? मग तुला कावून तरास?”

त्याने मान खाली घातली आणि फोन उघडून दिला. आत त्याच्या वॉलेटचे बारा शब्द. मिस्त्रीचे पैसे अजून तिथेच.

मग रिवाजाप्रमाणे मुद्देमाल टेबलावर मांडला, मागे पथक, मध्ये मी, पोट आत घेऊन. ते शब्द असलेला स्क्रीन कॅमेऱ्याकडे मीच वळवला. फोटो पत्रकारांच्या ग्रुपवर गेला आणि चहा संपायच्या आत वॉलेट रिकामं. सायबर शाखेच्या बाईंनी फोटो मोठा करून दाखवला. बाराही शब्द स्वच्छ वाचता येत होते. माझा चेहरा तेवढा हलला होता.

निवृत्ती तोंडावर होती. मिस्त्रीची जागा घालवून निरोपाचा हार घालून घ्यायचा नाही, एवढं ठरवलं. नवा गुन्हा नोंदवला, त्यात स्वतःची चूकही लिहिली. जागामालकाचे उंबरे झिजवून मुदत वाढवून घेतली. फोटो बघून हात मारणारा हौशी निघाला; पैसे वळवलेलं खातं त्याच्या स्वतःच्याच नावावर. ते गोठवलं. कोर्टाच्या आदेशाने पैसे परत मिळाले, इसार झाला.

शिकलो ते इतकंच: किल्लीचा फोटो ही किल्लीच. ते शब्द कुणी मागो, अगदी वर्दीतला मागो, दाखवू नका.

हेच मी गॅरेजात मिस्त्रीला समजावत होतो. हातातला पाना न थांबवता तो म्हणाला, “साहेब, माझे पैसे काढायला त्या पोराला लई खटपट करावी लागली. तुमी तर ग्रुपवर वाटून टाकले.”